आज्याचा आंबा

हरसूलच्या अलीकडे, आमच्या पाड्याच्या डोंगरउतारावर एक रायवळ आंबा होता. सविताच्या आजेसासऱ्यानं लावलेला, म्हणून आज्याचा आंबा. बुंध्यात माणूस बसेल एवढी ढोली. माघात अवकाळी पाऊस आला, धुकं बसलं, की आजूबाजूचा सगळा मोहोर काळा पडायचा. आज्याचा तेवढा टिकायचा. आमच्या डोंगरात असं झाड होतं, हे मी कुणापुढंही मान वर करून सांगेन.

सविता नाशिकच्या एका फळसंशोधन केंद्रासाठी डोंगरातल्या झाडांची कोवळी पानं गोळा करायची. झाडाचा फोटो, जागा, चव, सगळं मोबाईलमधून संकेतस्थळावर चढवायची. पानं केंद्रात जात. तिथं त्यांच्यातली जनुकं वाचून संकेतस्थळावर त्या झाडाच्या नोंदीपुढं मांडत. नवी जात घडवणारा कुठलाही माणूस तिच्यासाठी आई-बाप झाडं तिथं शोधू शकत होता.

तिची सासू चिमणाबाई हसायची. "सविते, पानं वाटून झाडाची सोयरीक जुळवता व्हय? तुझ्या मोबाईलातल्या आंब्याला रस सुटतो का गं?"

"सुटंल आत्याबाई, दम धरा."

फाल्गुनात केंद्रातून फोन आला. आज्याच्या आंब्यासारखं झाड साऱ्या संग्रहात दुसरं नव्हतं. कलमासाठी काड्या हव्या होत्या. सविता कोयता घेऊन निघाली, तर चिमणाबाई दारात आडवी.

"आखाजीला पितरांच्या पानावर त्याचं फळ ठेवल्याबिगर त्याला कोयता लागायचा नाय. आज्यानं लावलाय तो. आधी आज्या खाईल."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आधी पितरांना फळ, हा आमच्याकडचा नेमच. सविताही याच डोंगरात वाढलेली, तिलाही तो मोडवेना. केंद्राला तिनं कळवलं, आखाजीनंतर देते.

चैत्रात मोहाची फुलं गळू लागली. मोहाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची, म्हणजे पहाटे पडलेली फुलं दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही असंच करतो. चिमणाबाईनंही केलं. तिचा मोह आंब्याच्या खालच्या अंगाला. दुपारी वारा फिरला आणि वाळल्या गवतातून जाळ उतार चढत गेला. लोक फांद्यांनी झोडपत धावले. गवत विझलं, पण जाळ ढोलीत शिरला होता. झाड आतून चुलीसारखं धगधगत राहिलं. हंड्यांनी पाणी ओतलं, ते वाफ होऊन वर आलं. उजाडायच्या आत आंबा आडवा झाला.

सवितानं पडल्या झाडाच्या शेंड्याकडच्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि मिळेल त्या जीपनं नाशिक गाठलं. केंद्रात कलमं बांधणाऱ्या समाधानदादानं एकेक काडी घेऊन नखानं साल खरवडली. झळेनं आतलं हिरवं करपलं होतं. सगळ्या पाहून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, हे सरपण हाय."

"त्याच्याच कोयीची रोपं हायेत घरी. ती चालतील?"

"रायवळाच्या कोयीतून तोच आंबा येत नाय, तुम्हाला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. तरी विचारलं. आग कुणी लावली, हे केंद्रात कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "वणवा."

घरी चिमणाबाई ओट्यावर बसलेली. हाताला अजून राख. तिनं विचारलं, आणि या खेपेला ती हसत नव्हती, "तुझ्या मोबाईलात हाय ना तो? समदा लिहून घेतलाय म्हणतीस. मग त्यांना सांगून त्यातनं परत काढ ना."

सवितानं मोबाईल उघडून दाखवला. मोहोरानं भरलेला आंबा, खाली त्याच्या जनुकांच्या अक्षरांच्या रांगा. "वाचता येतो आत्याबाई. लावता नाय येत."

म्हातारीनं काचेवर बोट फिरवलं. झाड सरकून दुसऱ्या कुणाचं आलं.

आखाजीला पितरांच्या पानावर हरसूलच्या बाजारातला आंबा होता. चिमणाबाईनं पाणी सोडलं, कावळ्याची वाट पाहिली, तो शिवला नाही. मग पान उचललं आणि आंबा गाईपुढं टाकला. घरात कुणीच तो तोंडाला लावला नाही. पुढच्या साली मोहाखाली कुणी जाळ करू नये, असं सविता घरोघर सांगत फिरली. लोकांनी ऐकून घेतलं. चैत्रात डोंगरावर पुन्हा धूर दिसला.