नेटवाले काका आणि पाहुण्यांची पंगत

आमच्या कॉलेजचे नेटवाले काका नसते, तर आमच्या तालुक्यात इंटरनेट आलंच नसतं असं मी म्हणणार नाही. आलं असतं, पण चहापाणी न घेता तसंच परत गेलं असतं.

माझी आणि नेटची ओळख त्यांच्याच हातून झाली. आमच्या घरी ती होण्याची सोय नव्हती. बाबा नांदुऱ्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई वेचणीला आणि वेचणी सरली की मिळेल त्या कामाला जायची. घरात मोबाइल एक, तो बाबांच्या खिशात, आणि त्याच्या चार्जिंगच्या भोकात कायम कापसाचा धुरळा. खोली एक, त्यात आम्ही पाच. अभ्यासाची जागा म्हणजे दाराचा उंबरा. कोणी आत-बाहेर करायचं झालं की पुस्तक मिटून पाय आखडायचे. घरातल्या कोणीच कॉलेज आतून बघितलेलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा बाबा फाटकापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. "आत आपलं काय काम?" म्हणाले.

आत माझं काम आहे हे मला सर्वांत आधी सांगितलं ते नेटवाल्या काकांनी. खरं तर त्यांची नेमणूक प्रयोगशाळेत परिचर म्हणून होती. पण सर्व्हरची पेटी टेम्पोतून उतरली तेव्हा ती उचलायला ते हजर होते, आणि ज्यानं उचलली त्याच्याच गळ्यात ती पडली. काका मूळचे पिंपळगाव राजाचे. बसवायला आलेल्या इंजिनिअरच्या मागे ते तीन दिवस वही घेऊन फिरले आणि चौथ्या दिवशी त्यालाच चूक दाखवली, असं सगळे सांगतात. हे सांगणाऱ्यांत काका स्वतः पहिले.

त्यांच्या लेखी नेटवर्क म्हणजे खटल्याचं घर होतं. भिंतीवर वायफायच्या तीन पांढऱ्या डब्या होत्या: लायब्ररीत थोरली, ऑफिसात मधली आणि मुलींच्या कॉमन रूमच्या दारावर धाकटी. नेट बंद पडलं की ते कधी "बिघडलं" म्हणायचे नाहीत. "धाकटी रुसली हाये, दहा मिनिटं तिच्याशी कोणी बोलू नका," असं सांगून तिचं बटण बंद करायचे आणि बरोबर दहा मिनिटांनी चालू करायचे. आश्चर्य म्हणजे तिचा रुसवा जायचा. भेटेल त्याला ते त्याचाच नमस्कार घालायचे. मला "जयभीम", दुसऱ्या कोणाला "रामराम", उर्दू शाळेच्या सरांना "सलाम". आणि सर्व्हर रूमचं कुलूप उघडताना आतल्या यंत्रालाही हळूच काहीतरी म्हणायचे. ते काय, हे मला अजून कळलेलं नाही.

बाहेरच्या माणसासाठी वायफायचं लॉगिन वेगळं असतं. इंजिनिअरनं त्याला 'गेस्ट' नाव दिलं होतं, ते काकांनी पुसून 'पाहुणे' केलं. केलं ते केलं, वर लॉगिनच्या पानावर चार रकाने टाकले: पाहुण्याचं नाव, गाव, कोणाकडं आले, आणि जेवण झालं का. शेवटचा रकाना भरल्याशिवाय पान पुढं सरकायचं नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी रागानं तिथं 'नाही' लिहिलं, तर पाचव्या मिनिटाला काका पिठलं-भाकरीचं ताट घेऊन त्यांच्यासमोर हजर. साहेब जेवले. अहवालात त्यांनी नेटवर्कबद्दल चांगलंच लिहिलं.

पाहुण्यांचा पासवर्ड रोज बदलायचा, आणि तो नेहमी खाण्याचा पदार्थ असायचा, इंग्रजी अक्षरांत. पुण्याहून आलेल्या एका वक्त्यांना त्या दिवशी 'झुणका' लागला होता. त्यांनी तो जे-एचनं लिहिला, झेडनं लिहिला, मध्ये ए घालून लिहिला, शेवटचा ए काढून लिहिला. पाचव्यांदा फायरवॉलनं त्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं. काका हळहळले. "एवढे शिकलेले सर, पण त्याईले झुणका लिहिता येत नाई!"

फायरवॉल म्हणजे नेटवर्कचं कुंपण. कोणती साइट उघडू द्यायची, कोणती नाही, हे तिथं ठरतं. काकांनी ते कुंपण जरा जास्तच काटेरी केलं होतं. पोरं लायब्ररीत गेम खेळतात म्हणून त्यांनी एकदा ज्या पत्त्यात 'गेम' अशी अक्षरं असतील ते सगळे पत्ते बंद करून टाकले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या वनस्पतिशास्त्राचा धडा उघडेना. कारण झाडांच्या बीजपेशीला इंग्रजीत 'गॅमीट' म्हणतात आणि त्याच्या स्पेलिंगची सुरुवात 'गेम'नंच होते. आमच्या मॅडम तणतणत सर्व्हर रूममध्ये गेल्या. "अहो, तुमच्या कुंपणानं माझ्या झाडांचं प्रजनन थांबवलं!" काका उठून उभे राहिले. "मॅडम, मले वाटलं खेळ हाये. संसार हाये म्हणून कोणी सांगतलं नाई." तेव्हापासून वनस्पतींना तेवढी सूट मिळाली.

आता माझी गोष्ट. पदवी घेऊन मला काही महिने झाले होते, आणि पुण्याच्या एका संस्थेत एम.एस्सी.ला माझा नंबर लागला होता. जागा पक्की करायची तर कागदपत्रं त्यांच्या साइटवर चढवायची होती. शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. नाही चढली तर जागा खालच्या नंबराला. एक कागद कॉलेजातूनच घ्यायचा राहिला होता, तो घेऊन मी अडीचला बाहेर पडते तो शेवटच्या वर्षी घेतलेल्या माझ्या मोबाइलवर नेटची एक दांडी नाही. रस्त्याच्या कामात खोदताना केबल तुटली होती आणि गावभरचं नेट गेलं होतं. सायबर कॅफेवाला दुकानाबाहेर खुर्ची टाकून आकाशाकडे बघत बसला होता. नेट राहिलं होतं ते फक्त कॉलेजात, कारण त्याची लाइन रेल्वेच्या बाजूनं आलेली. मी पळत परत आले.

"काऊन वं पोरी, पळून काऊन राह्यली?"

मी धापा टाकत सगळं सांगितलं. काकांनी आधी माठातलं पाणी दिलं. ते प्यायल्याशिवाय ते हलणार नव्हते, म्हणून मी प्यायले.

माझा जुना रोल नंबर टाकून पाहिला. तो पास झाल्याबरोबर बंद झाला होता. पाहुण्यांचं लॉगिन घ्यावं, तर ते पानच उघडेना, नुसतं पांढरं. काकांनी मोबाइल हातात घेऊन उलटा-पालटा केला. "यानं मांगच्या वर्षीची ओळख धरून ठेवली हाये. ते 'नेटवर्क विसरा' दिसते का? दाब. पहिले विसराचं, मंग नव्यानं ओळख कराची. सोयरिकीतबी असंच राह्यते." मी विसरले, पुन्हा जोडलं, आणि पान उघडलं. नाव, गाव, कोणाकडं आले. मी लिहिलं, 'काकांकडे'. जेवण झालं का? मी खोटंच 'हो' लिहिलं. त्या दिवशी पासवर्ड 'अंबाडी' होता आणि तो मला लिहिता आला.

संस्थेची साइट उघडली. नाव दिसलं, नंबर दिसला. पहिला कागद चढवायला गेले, तर पडद्यावर काकांचीच पाटी: 'पाहुण्यांनी बैठकीत बसावे. आत जाऊ नये.' पूर्वी एका पाहुण्यानं भाच्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ इथं बसून चढवला होता आणि दिवसभर कॉलेजचं नेट तुंबलं होतं. तेव्हापासून पाहुण्यांना वाचायची मुभा होती, फाइल चढवायची नव्हती.

घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. "काका, तुमच्या कॉम्प्युटरवरून चढवू का?"

"माह्या नावानं?" काकांनी मान हलवली. "उद्या कोणी म्हणीन, हिचा फॉर्म कॉलेजच्या शिपायानं भरला. कायले कोणाले बोलू द्याचं? तुह्या बापानं गाठी उचलल्या, तू उंबऱ्यात बसून शिकली. तुह्या नावानंच चढन ते."

"मग मला घरच्यांत टाका ना."

"घरची कशी? तू पास झाली. म्हणजे सासरी गेली."

"माझं लग्न कुठं झालंय काका!"

"डिग्री घेतली नं? मंग झालंच." आणि बोलता बोलता ते थांबले. स्वतःशीच म्हणाले, "घरचीबी नाई, पाहुणीबी नाई... अबे, हे तं माहेरवाशीण हाये!"

पुढची वीस मिनिटं मी एका माणसाला दोन बोटांनी टाइप करताना पाहिलं. त्यांनी फायरवॉलमध्ये घरचे आणि पाहुणे यांच्या जोडीला तिसरा गट उघडला: 'माहेर'. जुना रोल नंबर असेल त्याला प्रवेश, फाइल चढवायची मुभा. त्यात पहिलं नाव माझं. "आता चढव."

मी चढवलं. पाटी तीच. 'पाहुण्यांनी बैठकीत बसावे.'

पुन्हा विसरा, पुन्हा ओळख, पुन्हा पाटी. थोरलीपाशी नेलं, धाकटीपाशी नेलं. मधलीला दहा मिनिटं झोपवून उठवलं. सव्वाचार झाले. मी आईला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले होते, कारण तिनं शेजारणीला आधीच सांगून टाकलं होतं.

काका खुर्चीत मागे टेकले आणि फायरवॉलमधले नियम मोठ्यानं वाचायला लागले. तिथं नियम एकाखाली एक असतात. आलेला माणूस वरून ज्या पहिल्या ओळीत बसला, तिथंच त्याचा निकाल. खालचं मग कोणी वाचत नाही. आणि काकांची पहिली ओळ होती: 'चालू वर्षाच्या यादीत ज्याचं नाव नाही, तो पाहुणा.' ती त्यांनी मुद्दाम सगळ्यांत वर ठेवली होती, कारण लग्नात पाहुण्यांची पंगत पहिली बसते. माहेर होतं सगळ्यांत खाली. माझं नाव चालू यादीत नव्हतंच, त्यामुळे मी दारातच पाहुणी ठरत होते. माहेरापर्यंत पोचतच नव्हते.

"हात् तिच्या मायला!" काकांनी कपाळावर हात मारला. "पोरीले पाहुण्याच्या खाली बसवलं!"

"मग वर घ्या ना काका!"

त्यांनी माउस हातात घेतला. पाहुण्याच्या आधी घरच्या कोणाला वाढणं त्यांच्या हातून आयुष्यात घडलं नव्हतं. पडद्याकडे बघत ते म्हणाले, "पाहुणे मंडळी, माफी असावी," आणि 'माहेर'ची ओळ धरून ओढत सगळ्यांत वर नेऊन सोडली.

पहिला कागद चढला. दुसरा चढला. शेवटचा चढून हिरवी खूण आली तेव्हा पाचला अकरा मिनिटं कमी होती. काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, आणि तो पुसणं जरा लांबलं. मग म्हणाले, "जेवली नाई तू. तोंडावरून दिसते. 'हो' लिहिलं तरी मले समजते." त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली.

काका आता निवृत्त झाले आहेत. कॉलेजचं नेट हल्ली एक कंपनी दूर कुठूनतरी सांभाळते. मागे गेले होते तेव्हा मोबाइलवर एक ओटीपी आला आणि काही न विचारता नेट सुरू झालं. वेगही चांगला होता. मी ते बंद केलं आणि नुसतीच कॉरिडॉरमधून फिरून आले. पिंपळगाव राजाला जाऊन काकांना भेटायचं अजून राहिलंय. फोनवर मात्र ते दर वेळी विचारतात, "तिकडं पुण्यात तुले पाहुणी समजतात का घरची?" मी उलट त्यांनाच विचारते, "काका, जेवण झालं का?"

एम.एस्सी. मी पहिल्या वर्गात पूर्ण केलं. पदवीदानाच्या दिवशी बाबा संस्थेच्या फाटकाशी थांबले नाहीत. आत आले, आणि दुसऱ्या रांगेत बसले.