डावा ट्रे, उजवा ट्रे

मामीचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मामांच्याच टेबलापाशी उभा होतो आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत होतो. कंपनीला मालाचं खोकं त्या दिवशी पाठवायचं होतं, नऊ वाजून गेले होते आणि मामांचा पत्ता नव्हता. "नंदू, इंदिरानगरला ये लगेच," मामी म्हणाली, "मामा चहाला उठलेच नाहीत..." आता महिना होत आला. ते गेले तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलो होतो, ही गोष्ट काही केल्या मनातून जात नाही.

मामांनी उभं आयुष्य विमानांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून माझ्याकडे येऊ लागले. चार लेथ आणि नऊ माणसांचं आमचं वर्कशॉप. पूर्वी पंपांचे सुटे भाग करायचो. मामांच्या भरवशावर एका मोठ्या कंपनीने वायुदलाच्या विमानांत बसणाऱ्या बुशचं काम दिलं आणि आमचे दिवस पालटले. बुश म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची नळी. न तपासलेले बुश डाव्या ट्रेमध्ये, तपासलेले उजव्या. अख्ख्या खोक्यातल्या एकेका बुशचं माप घेऊन झालं की मगच मामा कागदावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचे. घाई केलेली खपायची नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं मी तोंडावर म्हणायचो. ते हसून म्हणायचे, "पीळ आहे म्हणून तर दोर म्हणतात त्याला."

पहिल्याच वर्षी ते एका लग्नाला गेलेले असताना मी एक खोकं न तपासता, त्यांचा शिक्का मारून पाठवून दिलं. परत आल्यावर त्यांना कळलं. बस पकडून कंपनीत गेले, खोकं मागून घेतलं, मांडीवर ठेवून परत आणलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक बुश मोजत बसले. सगळे बरोबर निघाले. मला जोर चढला. "उगाच त्रास घेतलात मामा. बरोबरच होते ना सगळे?"

"होते. पण ते तुला माहीत नव्हतं," मामा म्हणाले. "तू खोटंच बोलला होतास, नंदू. फक्त पकडला गेला नाहीस."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण दुखायचं ते दुखतंच. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

मध्यंतरी सीमेवर तणाव वाढला तेव्हा वर्कशॉपमध्ये जो तो मोबाइलला चिकटलेला. कुणीतरी लेथवर झेंडा लावला. मामा म्हणाले, "झेंडा लावा, पण आधी लेथ पुसा." आमच्याकडे घोटीहून येणारी सुनंदा लेथ चालवते, तिची धाकटी लेक वायुदलात भरती झाली आहे. सुनंदा मामांना म्हणाली, "पोरगी तिकडं विमानापाशीच राहती. तुमी बघितलेलं हाय म्हणून मला जरा तरी झोप लागती." मामा त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी डोकं जड वाटतंय म्हणून ते लवकर निघाले. "उरलेले उद्या बघतो," एवढंच म्हणाले. मला टेबलावर जागा हवी होती. मी दोन्ही ट्रे एकाच खोक्यात ओतले. थोडेच तर उरलेत, मोजत बसतील पुन्हा, बसू देत... असं वाटलं मला.

तेरावं झालं आणि कंपनीतून खोक्यासाठी फोन सुरू झाले. शिक्का खणात होता. मी तो दोनदा बाहेर काढला आणि दोनदा आत ठेवला. शेवटी सुनंदाला घेऊन मोजायला बसलो. तळाशी पाच-सहा राहिले असताना एक बुश हातात आला, मापाला किंचित कमी. मी तीनदा मोजला. सुनंदाने विचारलं, "हा मामांनी बघितलेला का राहिलेला?"

मला सांगता येईना. आता ते कधीच सांगता येणार नाही, कारण ट्रे मी ओतले होते.

मामीला सहज म्हणून मामांच्या नजरेबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "दिवाळीपासून पेपर मीच वाचून दाखवत होते. चष्म्याचा नंबर बदलून आणतो म्हणायचे, गेलेच नाहीत." चार दिवस मला जेवण गेलं नाही. मग कंपनीला पत्र लिहिलं, की दिवाळीपासून पाठवलेली सगळी खोकी परत पाठवा, पुन्हा मोजायची आहेत. मामीला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. "गेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा लावतोस?" मी म्हणालो, "मामी, सुनंदाची लेक त्या विमानांपाशी असते." ती आत निघून गेली. अजून नीट बोलत नाही.

मामांचं टेबल मी खिडकीच्या आणखी जवळ सरकवलंय. उद्या पहिली खोकी येतील. डावा ट्रे भरलेला आणि उजवा रिकामा, अशी सुरुवात होईल. एकही बुश चुकीचा निघू नये म्हणून देवाला विनवतोय, आणि खरं सांगायचं तर ते विमानांसाठी की मामांसाठी, हे माझं मलाच सांगता येत नाही.