आरोपीने स्वतः निवडलेला फोटो

"पान एक, चार कॉलम, आणि फोटो हाच," खेडेकर सर म्हणाले. सर आमच्या महाडच्या दैनिकाचे संपादक. मी डेस्कवर, म्हणजे बातमीदाराने पाठवलेलं वाचण्यालायक करण्याचं काम माझं.

त्या सकाळी आंबेनळी घाटाखालच्या एका शाळेत तिथलाच माजी विद्यार्थी ठासणीची बंदूक घेऊन शिरला होता. रानडुकरांसाठी वापरतात ती. शिपाई गणपत मोरे यांनी सातवीच्या वर्गाचं दार ओढून घेतलं आणि स्वतः आडवे उभे राहिले. छर्रे त्यांच्या खांद्यात घुसले. तो पुन्हा बार भरेपर्यंत शिक्षकांनी त्याला धरलं. मुलं वाचली.

निघण्यापूर्वी या गृहस्थाने आमच्यासकट सगळ्या पेपरांच्या व्हॉट्सॲपवर बंदुकीसह स्वतःचा फोटो पाठवला होता. सोबत सूचना: 'हाच टाका.' आमच्या धंद्यात यालाही एक्स्क्लुझिव्ह म्हणतात.

बातमीदार त्याच्याही पुढे. इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, असा होता: 'अन्यायाने पेटलेला आंबेनळीचा वाघ...' वाघ! रिकाम्या हातांच्या शिपायावर बार टाकणारा.

"सर, तो आपल्याकडून स्वतःचं पोस्टर छापून घेतोय."

"कोण ते वाचकांना कळायला नको?"

"कळू दे. पाचव्या परिच्छेदात एकदा नाव, पोलिसांच्या हवाल्याने. फोटो नाही, वाघ नाही. नाहीतर उद्या आणखी कुणाला वाटेल, पेपरात यायचा हा बरा रस्ता आहे."

"बाकीचे छापतील."

"मग त्याला ते पुरेत. सर, तुमची नात त्या वर्गात असती, तर वाघ चालला असता?"

सरांनी तो फोटो बाजूला सारला. "लिही तुझं. पेपर पडून राहिले तर मात्र तुझ्या टेबलावर आणून ठेवीन."

मी हॉस्पिटलमध्ये फोन लावला. गणपतरावांची बायको बोलली. "चोवीस वर्सं शालेची घंटा देतायत," ती म्हणाली. "आजपण शुद्धीवर आल्यावर पयलं पोरांचंच इचारलं." माझा इंट्रो तयार झाला.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्या पेपरांत फोटोतला हा वाघ डरकाळ्या फोडत होता. ते पेपर नऊच्या आत संपले. आमचा गठ्ठा परत आला आणि सरांनी शब्द पाळला.

दुपारी गणपतरावांच्या बायकोचा फोन आला. "ताई, बाकीच्या पेपरात नुसतं 'एक शिपाई जखमी' हाय. यांचं नाव कुठंच नाय. तुमचे वीस पेपर मिलतील का? मुंबईच्या भावकीला धाडायचेत."

मिळतील म्हटलं. टेबलावर भरपूर होते.

डेस्कवर नवीन येणाऱ्यांना मी तेव्हापासून एवढंच सांगते: झकास विशेषण सुचलं, की ते कुणाला चिकटवताय ते आधी बघा.