रिकाम्या पोटी चहा

बाबांना फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी पहाटे पाचला उठणं काही सुटलं नाही. आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्याहून दिल्लीला, सरोजिनी नगरच्या माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. थायरॉइडची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी. बाबांना हुकूम मिळाला, विषय संपला. पाच वाजता मी चहा करायचे आणि ते गोळी घ्यायचे. एका दिवसाचा खाडा नाही.

तरी माणूस मलूल होत चालला. मे महिन्यात अंगाची लाही होत असताना ते स्वेटर मागायचे. जेवता जेवता डोळे मिटायचे. दोनदा डोस वाढवला, रिपोर्ट काही सुधारेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दवा मिस तो नहीं करते?" माझ्या डोक्यात तेच बसलं.

मी तापट आहे. त्याच दुपारी घरी येऊन बाबांसमोर गोळ्या मोजल्या. एकही जास्त निघाली नाही, तरी मी म्हणाले, "बेसिनमध्ये टाकत असाल. उद्यापासून माझ्यासमोर घ्यायची, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं."

"बरं," एवढंच ते म्हणाले. आयुष्यभर जवानांची हजेरी घेतलेला माणूस.

दुसऱ्या दिवसापासून मी समोर उभी राहू लागले. चहाच्या घोटाबरोबर ते गोळी गिळायचे, मग तोंड उघडून जीभ वर करायचे. मी वाकून बघायचे.

पुढच्या तपासणीला नव्या डॉक्टर होत्या, माझ्याहूनही लहान. त्यांनी विचारलं, "अंकल, खाली पेट लेते हैं ना?"

"बिल्कुल!" बाबा ताठ बसून म्हणाले. "सिर्फ चाय के साथ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चाय के साथ तो ये दवा पूरी लगती ही नहीं, अंकल. सिर्फ पानी से लीजिए. चाय एक घंटे बाद."

आमच्या घरात चहा म्हणजे खाणं नव्हेच. आई कडक उपास करायची, साबुदाण्यालाही शिवायची नाही, पण चहा तिला चालायचा. चहा प्यायला तरी पोट रिकामंच, असंच मीही समजत होते. आणि तो चहा रोज त्यांच्या हातात मीच देत होते.

डॉक्टरांनी डोस पुन्हा पहिल्याइतका केला आणि दोन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं. परतताना रिक्षात मी म्हणाले, "बाबा, चुकलं माझं. तुमच्यावर संशय घ्यायला नको होता."

"अगं, गोळीला चहा चालत नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं?" ते म्हणाले. संशयाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी रागवायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाचला मी नुसता पाण्याचा पेला नेला. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. "चहा सहाला आणते हं," असं म्हणून मी वळले, तेव्हा लक्षात आलं, पेला त्यांच्याच हातात राहिला होता. मी मागे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत तोंड उघडून, जीभ वर करून बसले होते.