एका आवारात दोन शाळा: घाटंजी ते मारेगाव

गावच्या कमिटीच्या बैठकीतून बाहेर पडतानाच ठरवलं, मारेगाव बघायचंच. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि घाटंजीत बाजारामागं नवी वस्ती आखत होते. नकाशात शाळेला जागा एकच, तिथं एक जुनी विहीर. मागणाऱ्या शाळा मात्र दोन: कापसाच्या गोदामाच्या पडवीत भरणारी माझी मुलींची मराठी शाळा आणि करीम मास्टरांची उर्दू शाळा. जिला जागा मिळणार नाही तिनं नाल्यापलीकडे जायचं. नाल्यापलीकडे पोरी कोण धाडणार? माझी शाळा तिकडे गेली की बंद पडली, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मास्टरांचं दुखणंही तेच. आम्ही दोघांनी भांडावं अशी पुष्कळांची इच्छा होती. ती पुरी करायची नाही, एवढं आमचं पक्कं. मारेगावला दोन्ही शाळा एकाच आवारात भरतात असं मास्टरांच्या कानावर आलं होतं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार, म्हणून त्यांनी आपल्या बेगमनाही सोबत घेतलं. त्यांना सगळं गाव आपा म्हणतं. "मेरेकू पूछाच नहीं किसीने," म्हणत आपा सगळ्यांच्या आधी एसटीत जाऊन बसल्या.

कुणाला जायचं असेल तर थेट गाडीच्या नादी लागू नका. सकाळी पांढरकवडा गाठा, तिथून वणीची गाडी धरा. मारेगाव वाटेतच आहे. वेचणीच्या दिवसांत रस्ताभर कापसाच्या बैलगाड्या असतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकतो, बैल ढिम्म हलत नाहीत. पांढरकवड्याला भजी खा, पण कढईतून निघताना दिसली तरच. करंजीच्या पुढं धूळ अशी की माझं पातळ आणि आपांचा बुरखा एकाच रंगाचे झाले.

मारेगावचं आवार पाहून माझी तर निराशाच झाली. दोन कौलारू इमारती, मधे मैदान, कोपऱ्यात विहीर. भिंत नाही, साधं कुंपणही नाही. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन खुशाल आत-बाहेर करत होत्या. ही काय शाळा म्हणायची?

मास्टर मात्र खुलले. उर्दू शाळेला सुट्टी शुक्रवारी, मराठीला रविवारी. त्यामुळं शुक्रवारी मराठीचे दाटीचे वर्ग उर्दूच्या खोल्यांत ऐसपैस बसतात आणि रविवारी उलट. एक शाळा पाढे म्हणू लागली की दुसरीचे वर्ग मैदानात सोडतात; नाहीतर 'बे एके बे' आणि 'दो एकम दो' यांची खिचडी होते. "बाई, ज्या सुट्टीवरून लोग झगडा करून राह्यले, तीच आपल्या कामाची," मास्टर म्हणाले.

"सगळं खरं," मी म्हटलं, "पण आपल्याकडे उंच भिंत हवी. भिंतीशिवाय पोरी कोण धाडेल?" मास्टरांनीही मान डोलावली.

तेवढ्यात आपांनी विहिरीवरून हाक मारली. पाणी प्यायला गेलेल्या आपा तिथं एका बाईशी चांगल्याच रंगल्या होत्या. बाईची मुलगी समोरच्याच वर्गात होती. मी तिला भिंतीचं विचारलं.

"भित्त कायले व बाई?" घागर टेकवत ती म्हणाली. "भित्त असती तं पोट्टी आत काय करून राह्यली, मले काय समजन? मी पाणी भरतो, धुणं धुतो, अन् पोट्टीले पाह्यतो. नजरेआड मी नाही धाडत."

"सच बोली," आपा म्हणाल्या. "हमारे मोहल्ले की औरतां भी येईच बोलतीं."

इतकी वर्षं मी पोरींना जगापासून झाकायची जागा शोधत होते आणि आयांना हवी होती पोरी दिसतील अशी जागा. विहीर सगळ्या जातीधर्मांना खुली करताना इथंही खूप तंटा झाला होता, असं त्या बाईनंच सांगितलं. तंट्याला आता मी तयार होते. त्या दुपारी तिथल्या शिक्षकांच्या घरी बेसनाच्या पातोडीची भाजी नि ज्वारीची भाकर अशी काही गोड लागली की बस.

परतल्यावर कमिटीसमोर मी आणि मास्टर एकच अर्ज घेऊन उभे राहिलो. जागा एक, शाळा दोन, भिंत नाही, विहीर सगळ्यांची. 'सगळ्यांची' म्हणताच दोघे उठून गेले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, भित्त नाही म्हणता. उद्या काई इपरीत झालं तं?"

"जबाबदारी माझी," मी म्हटलं.

"अन् मेरी," मास्टर म्हणाले.

मंजुरीला बराच काळ लागला, चपला झिजल्या, पण आम्ही हटलो नाही. कमिटीनं भिंतीसाठी आधीच आणून टाकलेल्या विटांचा आम्ही विहिरीभोवती ओटा बांधला. त्या प्रवासातून उरलं ते हे. सकाळी बाया ओट्यावर घागरी टेकवून माझा वर्ग बघत बसतात. फळ्यावर माझं गणित चुकलं की आधी त्याच हसतात. हसू देत. वर्गात आता पोरींना बसायला जागा पुरत नाही.