दस्तगीरभाईंच्या चहातल्या गोळ्या

लातूरच्या बसस्थानकावर बावीस वर्षं एकच आवाज घुमायचा, वाहतूक नियंत्रक दस्तगीरभाईंचा. हातात कधी कागद नसे. कुठली गाडी, कुठला फलाट, वाटेतले थांबे, सगळं तोंडपाठ.

एका सोमवारी त्यांनी उदगीरच्या गाडीसाठी किल्लारीचा फलाट पुकारला. जगदेवी नावाची म्हातारी नातीच्या लग्नाला उदगीरला निघाली होती. आवाजावर भरवसा ठेवून ती चढली आणि किल्लारीच्या वाटेवरचं औसा आल्यावर रडायलाच लागली. कंडक्टरनं दस्तगीरभाईंना फोन केला. दुसऱ्या कुणाला न धाडता ते स्वतः मोटारसायकल काढून गेले, म्हातारीला मागं बसवून आणलं आणि उदगीरच्या गाडीत जागा धरून दिली.

"चुकी माझी हाय, माय."

"व्हतंय बाबा. वय झालं की असंच."

वय? त्यांना त्रेपन्नावं लागलं होतं! ते वाक्य डोक्यातून हलेना.

घरी लेकीनं, कहकशांनं, भीतभीत विषय काढला. "अब्बा, पेपरात आलंय. साखरेऐवजी गोड गोळ्या लई घेणाऱ्यांची आठवण लवकर कमी होताना दिसली म्हणे. शुगरवाल्यांत तर जास्तच."

दस्तगीरभाईंना नऊ वर्षांपासून शुगर. दिवसाला दहा कप चहा आणि कपात दोन गोळ्या. बायकोनं, खातूनबीनं, गोळ्यांची डबी उचलून कचऱ्यात टाकली. चहा तर सुटणार नव्हता. मग भाईंनी चहात सरळ साखरच घालायला सुरुवात केली. आठव्या दिवशी डोळ्यांपुढं अंधारी आली.

"साखर तीनशेच्या वर नेलीत!" डॉक्टर उमाशंकर कडाडले. "ती काय मेंदूला सोडते व्हय?"

"मग गोळ्या बऱ्या का?"

"संबंध दिसलाय, पण गोळ्यांमुळंच होतं असं अजून सिद्ध झालेलं नाही. तुम्ही गोडाची सवयच मोडा."

"मग माझं कशानं चुकलं?"

"ते मला आज सांगता येणार नाही, भाई."

हे 'सांगता येणार नाही' त्यांना सगळ्यात जड गेलं. कोरा, अगोड चहा घशाखाली उतरेना. डोकं ठणकायचं, खातूनबीवर उगाच ओरडणं व्हायचं. कपडे घालताना, दाढी करताना ते औसा, लामजना, किल्लारी असे थांबे पुटपुटत राहायचे. एखादं गाव अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तीन महिन्यांत साखर उतरली. तरी त्यांनी आगारप्रमुखांना सांगून टाकलं, "साहेब, आजपासून मी वाचूनच पुकारणार."

आता एकही गाडी चुकत नाही. लोक म्हणतात, भाई, आवाजात पहिली मजा न्हाई राहिली. दस्तगीरभाई मान डोलावून नुसतं "हाव" म्हणतात, आणि पुकारलेली ओळ माइक बंद करून पुन्हा एकदा कागदावर बोट ठेवून वाचतात.