बॉनेटखालचं कुंकू

नागनाथ ड्रायव्हर काही फार देवभोळा नव्हता, पण खंडेनवमी आली की देवाला हात जोडायचा. बंगळूरच्या बसवनगुडीत कापडवाल्या शामसुंदरांकडे तो लग्नाआधीपासून गाडी चालवत होता. दुसरं काम त्याला येत नव्हतं. आदल्या संध्याकाळी हत्यारं पूजेला बसायची, तशी गाडीही. पूजा होईतो तिला हात लावायचा नाही. म्हातारं इंजिन रात्रभर गार पडलं की ऑईल घट्ट होतं, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उतरतं, मग बाईसाहेब उठायला वेळ लावतात. एरवी कोण बघतंय? त्या दिवशी मात्र चाकांखाली लिंबं ठेवून सगळी गल्ली बघत असते.

त्या वर्षी शामसुंदरांनी चारचौघांत सांगून टाकलं, "आज चालू झाली नाही तर विकणार. पुरे झालं हे लोढणं." गाडी विकल्यावर ड्रायव्हर कशाला ठेवतील? अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या वडिलांचा जीव त्या गाडीत होता, म्हणून ती इतकी टिकली होती.

शामसुंदरांच्या आईनं, भागीरथीबाईंनी, आरती ओवाळली. नागनाथनं चोक ओढून सेल्फ मारला. घर्र, घर्र, घर्र. पुन्हा मारला. बॅटरीचा आवाज बसत चालला. शेजारची गंगव्वा "शिव शिव" म्हणाली.

"वेळ लावते ती, अण्णा. स्वल्प थांबा," तो शामसुंदरांना म्हणाला. पण त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. रोज ती निदान खोकायची तरी. आज हूं की चूं नाही.

बॉनेट उघडलं आणि त्याला कळलं. प्लगच्या तारा निघतात त्या काळ्या टोपीला भागीरथीबाईंनी पूजेत पाण्यात कालवलेलं हळदकुंकू भरभरून लावलं होतं. ओलीतून ठिणगी भलतीकडेच पळत होती. पुसलं की झालं. पण आत नवरा आजारी असलेल्या बाईच्या हातचं कुंकू, तिच्यादेखत पुसायचं? नोकरी गेली तर जाऊ दे, असं त्याला वाटलं. मग घरची पोरं आठवली. फडकं हातात धरून तो नुसताच उभा राहिला.

"काय झालं रे, नागण्णा?" भागीरथीबाई पुढं आल्या.

"काही नाही, अक्का. ओल आहे."

भागीरथीबाईंनी टोपीकडे पाहिलं, मग त्याच्या फडक्याकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"राहू दे, आई. विकूनच टाकू," शामसुंदर म्हणाले.

"ह्यांची गाडी आहे ती," असं म्हणून भागीरथीबाईंनी नागनाथच्या हातातून फडकं ओढून घेतलं आणि स्वतःच पुसू लागल्या. जमलेल्या बायका मागं सरल्या. टोपी कोरडी होईतो त्या थांबल्या नाहीत.

"मार हँडल," त्या नागनाथला म्हणाल्या.

बॅटरी बसलीच होती; नागनाथनं पुढून हँडल घालून फिरवलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नागनाथला आनंद झाला नाही. तो घराच्या दाराकडे कान लावून होता, आणि भागीरथीबाईही.

"चालू झाली काय गं?" आतून म्हाताऱ्यांची हाक आली.

"झाली हो," म्हणताना भागीरथीबाई पायरीवर मटकन बसल्या आणि पोरीसारख्या रडू लागल्या.